घरपोच माल आणि त्याचे वेष्टन

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांस पूर्वीची पोस्टाची पार्सले आठवत असतील. मुंबईहून अगर पुण्याहून व्ही. पी. ने मागविलेली वस्तू मांजरपाटात शिवून व शिवणीवर लाखेची मोहोर करून येत असे. कापड उसवून धुतले म्हणजे त्याची बियाणे ठेवावयाची पिशवी होई, दोरा गुंडाळून खुंटीला लावला जाई, आणि आत लाकडी खोके असलेच तर त्यास घरात कायमची जागा मिळे. माल घरात येई. त्याबरोबर केर येत नसे. हल्ली ही रीत सर्वस्वी पालटली आहे. मोबाइलवर बोट ठेवावे आणि चार दिवसांनी गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या वाडीवर माल दारात यावा, ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तालुक्याच्या दुकानी न मिळणारा पंपाचा सुटा भाग, छाटणीची चांगली कात्री, एखादे पुस्तक, या वस्तू आज खेड्यात बसून मिळतात. एक दिवसाचा खाडा आणि एस. टी. चे भाडे वाचते. परंतु मालाबरोबर जे वेष्टन येते, त्याचा विचार शेतकऱ्याने शेतकरी या नात्याने अजून केलेला नाही. तो करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. गेल्या आश्विनात आम्ही फवारणीच्या पंपाची पाच पितळी नोझले मागविली. पाचही एका मुठीत मावतील एवढीच ती. खोका आला तो असा की त्यात शिलाईचे यंत्र बसावे. आत फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचे वेटोळे, त्यात दुसरा लहान खोका, त्यात पिशवी आणि त्या पिशवीत नोझले. कुतूहलाने घरच्या काट्यावर वजन केले, तो माल १८० ग्रॅम व वेष्टन ६४० ग्रॅम भरले.

पाचच दिवसांनी दुसरे पार्सल आले. त्यात एकादशीसाठी मागविलेला एक किलो राजगिरा होता. हा खोका मात्र नवा नव्हता. पूर्वीच्या मजकुरावर तपकिरी चिकटपट्टी मारली होती. ती सोलून पाहता खाली एका कीटकनाशकाचे नाव व विषारीपणा दाखविणारे चौकोनी चिन्ह निघाले. चिन्हाचा खालचा त्रिकोण पिवळा होता. पिवळा म्हणजे लालाच्या खालोखाल विषारी, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. खोक्याच्या तळाशी झुरळाची अंडी चिकटली होती आणि राजगिऱ्याच्या पातळ पिशवीस एका कोपऱ्यात भोक पडले होते. आमच्या मातोश्रींनी पिशवी नाकाजवळ नेली, होती तशी खोक्यात परत ठेवली आणि म्हणाल्या, "पोत्याचा वास दाण्याला लागतो. हे कोंबड्यांनासुद्धा टाकू नका." ती एकादशी भगरीवर झाली. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले. परंतु खोका कोणी परत नेला नाही. तो आमच्याच अंगणात राहिला.

दोष दोन, कारणेही दोन

या दोन पार्सलांतील दोष निरनिराळे आहेत. पहिल्याचे वेष्टन गरजेहून फार अधिक होते. दुसऱ्याचे घाणेरडे होते. दोहोंची कारणे समजून घेतल्यावाचून उपाय सुचणार नाही.

अतिरेकाच्या मुळाशी भीती आणि घाई आहे. पार्सल विक्रेत्याच्या हातून निघाले म्हणजे चार-पाच ठिकाणी चढते-उतरते, फेकले जाते, इतर ओझ्याखाली दबते. वस्तू फुटून परत आली तर नुकसान बहुधा विक्रेत्याच्या माथी बसते. म्हणून तो एकाच्या जागी तीन आवरणे घालतो. शिवाय तो दोन-तीन मापांचेच खोके जवळ ठेवतो व लहान वस्तूस लहान खोका शोधीत बसत नाही. यात त्याचाही तोटाच आहे. बऱ्याच कुरियर कंपन्या केवळ वजनावर भाडे आकारीत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास ५००० ने भागतात. येईल तो आकडा किलो समजतात, आणि तो खऱ्या वजनाहून मोठा असेल तर त्यावर भाडे घेतात. ४० लांब, ३० रुंद व २५ उंच अशा खोक्याचा गुणाकार ३०,००० होतो. म्हणजे तो ६ किलोचा धरला जातो, मग आत पावशेर पितळ का असेना. ही हवा वाहून नेण्याची मजुरी होय, व ती सरतेशेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते.

घाणीचे कारण वेगळे आहे. भंगारातला जुना खोका नव्याहून स्वस्त पडतो. जुना खोका पुन्हा वापरणे ही काटकसर आहे व ती स्तुत्यच आहे. मात्र कोणत्या मालाचा खोका कोणत्या मालास वापरावा, हा विवेक पाहिजे. खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो, व तो बहुधा पिठूळ खळीने चिकटविलेला असतो. त्या बारीक नळ्यांत झुरळास अंधार, आडोसा आणि खाद्य ही तिन्ही मिळतात. ओल लागली की तेथेच बुरशी धरते. आणि एखादे पातळ औषध सांडले तर पुठ्ठा टिपकागदाप्रमाणे ते शोषून घेतो. पत्र्याचा डबा धुता येतो. पुठ्ठा धुता येत नाही.

वेष्टनातून काय काय येते

वेष्टन ही क्षुल्लक बाब आहे असे कोणी म्हणेल. परंतु शेतकऱ्याच्या अनुभवाची साक्ष उलट आहे. धान्याच्या कोठारातील खापरा किडा आपण सर्वजण ओळखतो. याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत आणि लाकडाच्या फटीत दडून बसते, व खाद्य नसले तरी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. परदेशांतील बंदरांवरही हा किडा 'खापरा' याच आपल्याकडील नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या भीतीने तेथे माल व वेष्टन दोन्ही तपासतात. गाजर गवताची कथा अशीच आहे. पुण्यास १९५५ च्या सुमारास या गवताची नोंद झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानतात. आज त्यावाचून एकही बांध उरलेला नाही. २०२० साली अमेरिका, कॅनडा इत्यादी देशांत न मागविलेल्या बियाण्यांच्या पुड्या टपालाने घरोघर येऊ लागल्या, तेव्हा आपल्या केंद्रीय कृषी खात्यानेही त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यांना सावधगिरीची सूचना दिली. पुडी लहान असते. तिच्यातून काय उगवेल हे पुडीवर लिहिलेले नसते.

विष आणि अन्न यांची संगत किती घातक ठरते, याचे उदाहरण केरळात १९५८ साली घडले. पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ यांची वाहतूक एकत्र झाली. औषध पाझरून पिठात उतरले, आणि ते पीठ पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यात पीठ दळणाराचा दोष नव्हता, खाणाराचा तर नव्हताच. दोष होता तो बांधणीचा आणि एकत्र ठेवणीचा. हे आज आठवावयाचे कारण असे की, नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन परवानाधारक विक्रेत्यांस कीटकनाशके ऑनलाइन विकण्याची मोकळीक मिळाली. आता राजगिरा आणि औषध एकाच रस्त्याने, क्वचित एकाच गाडीने, आपल्या दारी येतात. अशा वेळी रिकामा खोका कोठून कोठे जातो, इकडे डोळेझाक करून चालणार नाही.

आपल्या जिल्ह्याचेच एक उदाहरण याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धास्तीने बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी आपली राहती घरे सोडून बाहेर आसरा घेतला. धान्य मात्र घरातच राहिले. रिकाम्या घरात भरल्या कणग्या म्हणजे उंदरांना सदावर्तच! ऑगस्ट १९९४ मध्ये गावात पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर मरून पडू लागले, आणि पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेस फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार केला, तो सर्वांस ठाऊक आहे. पार्सलाच्या खोक्यातून प्लेग येतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु धान्य, आडोसा आणि माणसाची गैरहजेरी ही तीन एकत्र आली म्हणजे काय होते, हे मामल्याने दाखविले. दिवाळीनंतर आपल्याकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात व त्यांची घरे महिनोन्‌महिने कुलूपबंद असतात. अशा घरात कणगीशेजारी रिकाम्या खोक्यांची रास रचून जाणे म्हणजे उंदरास धान्याबरोबर बिछानाही घालून देणे होय.

गोठा, उकिरडा आणि कापूस

शहरातील मनुष्य वेष्टन कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळा होतो. खेड्यात ते उकिरड्यावर जाते, आणि उकिरडा हा केवळ कचरा नव्हे. ते आपल्या शेताचे पुढच्या वर्षाचे खत आहे. चिकटपट्टी, पिशवीचे तुकडे आणि फुग्यांचे प्लास्टिक शेणात मिसळून शेतात जातात. ते कुजत नाहीत. त्यांचे तुकडे होतात, आणि ते कुळवाच्या पासेला गुंडाळतात. वेचणीच्या वेळी त्यांचे धागे कापसात येतात. प्लास्टिकचा धागा रुईत शिरला म्हणजे पुढे कापडावर रंग धरीत नाही. म्हणून असा कापूस व्यापारी पाडून मागतो. खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोणीत कापूस भरू नये, हा उपदेश आपण अनेक वर्षे ऐकत आलो. पार्सलाच्या वेष्टनासही तोच न्याय लागू आहे.

जनावरांची हानी तर डोळ्यांदेखत होते. खारट किंवा गोड वास लागलेली पिशवी गाय सबंध गिळते. ती तिच्या पहिल्या मोठ्या पोटात अडकून राहते, पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. रवंथ मंदावते, पोट फुगते, दूध आटते. खोक्याच्या लोखंडी पिना व तार याहून वाईट. त्या जाळीदार पोटात उतरतात, आणि ते पोट हृदयाला अगदी लागून असल्यामुळे पोटाचे आकुंचन होता होता पिन आरपार जाऊन हृदयापर्यंत पोहोचू शकते. गेल्या चैत्रात आमच्या शेजारची दुसऱ्या वेताची गाय खंगत खंगत गेली. चिरून पाहिले तेव्हा प्लास्टिक आणि चिकटपट्ट्यांचा घट्ट पिळलेला गोळा घमेलेभर निघाला. घरातील लहान मुलगी त्या गोळ्याकडे बोट दाखवून विचारू लागली, "हे आपण हिला घातलं होतं का?" तिला काय उत्तर द्यावे, हे तेथे जमलेल्या कोणासही सुचले नाही.

कायदा काय म्हणतो

कायदे पुष्कळ आहेत. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादक, आयातदार व नाममुद्रेचे मालक यांवर आपल्या प्लास्टिक वेष्टनाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण त्या यादीत पार्सलातील फुग्यांचे प्लास्टिक नाही. अन्नाच्या वेष्टनासंबंधी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत, व वर्तमानपत्राच्या कागदात अन्न गुंडाळण्यास त्यांत मनाई आहे. मोठ्या बाजारपेठांनीही काही पावले टाकली. ॲमेझॉनने २०२० साली आपल्या भारतातील गोदामांतून असे प्लास्टिक वेष्टन काढून टाकल्याचे जाहीर केले व फ्लिपकार्टने २०२१ साली तसेच सांगितले. परंतु जो माल लहान विक्रेता आपल्या दुकानातून स्वतः बांधून पाठवितो, त्यावर गोदामाची शिस्त चालत नाही. आणि आमचा राजगिरा अशाच वाटेने आला होता.

गिऱ्हाइकाच्या हाती एक शस्त्र मात्र आहे. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविला पाहिजे. तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे व एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ आहे. आपला शेतकरी मालाची तक्रार करतो, वेष्टनाची करीत नाही. ती केली पाहिजे, व खोक्याच्या छायाचित्रासह केली पाहिजे.

आपणही विक्रेतेच आहोत

येथवर वाचून ज्यांस विक्रेत्यांचा राग आला असेल, त्यांनी आता आपल्याकडे पहावे. बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळ ही आपल्या जिल्ह्याची शान आहे. २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईस या फळासाठी संशोधन केंद्र आहे, व 'धारूर-६' ही जात सर्वांच्या परिचयाची आहे. आता आपली तरुण मुले हे फळ थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास घरपोच पाठवू लागली आहेत. हा उद्योग वाढावा अशी आमची इच्छा आहे. पण त्याचे वेष्टन कसे असते? कोठे सफरचंदाचे जुने खोके, कोठे वर्तमानपत्राची रद्दी, कोठे बांधावरचे ओले गवत. त्या गवतातून तणाचे बी जाते व पिठ्या ढेकूणही जातो. औषधाच्या खोक्यात भरलेली फळे आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहेत. राजगिऱ्याचा खोका उघडताना आम्हांस जे वाटले, तेच आपले सीताफळ उघडताना पुण्याच्या गृहिणीस वाटले, तर मानांकनाची मोहोर काय कामाची?

सीताफळास वेष्टन खरोखरच लागते. हे फळ झाडावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत मऊ होते, दाबले की काळे पडते. तेव्हा येथे काटकसरीच्या नावाखाली गादी कमी करणे चूक होईल. डोळे उघडून फटी पिवळसर दिसू लागलेले, पण अजून टणक असे फळ निवडावे. खोका नवा व मजबूत असावा. फळांचा एकच थर लावावा. फळ तोडल्यावरही श्वास घेते व ऊब सोडते, म्हणून खोक्यास हवेची भोके असावीत. प्रत्येक फळास कोऱ्या कागदाची किंवा जाळीची गुंडाळी पुरे. त्यावर प्लास्टिकचे वेटोळे घालू नये, कारण आत घाम साचून फळ सडते. खोका फळांच्या मापाचा असला म्हणजे फळ हलत नाही आणि हवेचे भाडेही पडत नाही. वेष्टन थोडे असावे पण स्वच्छ असावे, आणि ते वस्तूच्या गरजेपुरते असावे, विक्रेत्याच्या भीतीपुरते नव्हे.

करावयाच्या गोष्टी

पार्सल अंगणात फोडावे. माजघरात, स्वयंपाकघरात किंवा कोठीच्या खोलीत नेऊ नये. खोका पांढऱ्या कापडावर झटकून पहावा. जुन्या मजकुरावर चिकटपट्टी मारलेली दिसली तर ती सोलून खाली काय आहे ते वाचावे, आणि औषधाचे नाव निघाल्यास खाण्याची वस्तू कितीही किमती असली तरी घरात घेऊ नये. पिना व तारा उपटून डब्यात साठवाव्यात. प्लास्टिक व चिकटपट्टी वेगळी काढावी. ती उकिरड्यात टाकू नये आणि चुलीत तर मुळीच घालू नये, कारण तिचा विषारी धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो. कोरडा पुठ्ठा मोडून, चपटा करून भंगारवाल्यास द्यावा. औषधाचा खोका कशासाठीही पुन्हा वापरू नये. तो फाडून टाकावा, म्हणजे दुसऱ्यासही वापरता येणार नाही. न मागविलेले बियाणे आले तर ते पेरू नये, फेकूही नये. पुडी बंद ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांस कळवावे.

दोन गोष्टी संघाने कराव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिली, पंपाचे सुटे भाग, ठिबकाचे जोड अशा नित्य लागणाऱ्या वस्तूंची मागणी गावातील दहा-वीस जणांनी एकत्र नोंदवावी. वीस खोक्यांच्या जागी एकच येईल आणि भाडेही वाटले जाईल. दुसरी, सीताफळाच्या हंगामापूर्वी संघाने दोन मापांचे नवे खोके घाऊक घेऊन सभासदांस मूळ किमतीत द्यावेत. एकट्यादुकट्यास नवा खोका महाग पडतो म्हणूनच तो जुन्याकडे वळतो. ही अडचण सहकाराने सहज सुटण्यासारखी आहे.

पूर्वी मांजरपाटावर लाखेची मोहोर असे, ती मालाला कोणी हात लावला नाही याची खूण म्हणून. आज मोहोर गेली. तेव्हा तिचे काम आपल्या डोळ्यांनी केले पाहिजे, घेतानाही आणि पाठवितानाही. येत्या हंगामात जे सभासद सीताफळ बाहेर धाडतील, त्यांनी आपला एक खोका प्रथम आपल्याच घरच्या माणसांसमोर फोडून दाखवावा. त्यांस तो पसंत पडला, तर गिऱ्हाइकाची चिंता करण्याचे कारण नाही.